वॉटसनचं लोखंडी हॉटेल आणि त्याची दोन दारं

आम्ही विश्रांतवाडीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. हातातलं काम थोडं बाजूला ठेवा, नाहीतर भाजी निवडता निवडता ऐका. आज पाककृती सांगणार नाही आणि कर्जाच्या हप्त्याचं गणितही नाही. आज एका हॉटेलाची गोष्ट सांगणार आहोत.

हॉटेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? एस्टी स्टँडजवळची शेड, उकळणारा चहा, कढईतली भजी. गावाकडं ‘हॉटेलात बसलाय’ म्हणजे चहा पीत बसलाय. मुक्कामाच्या जागेला आपण धर्मशाळा म्हणायचो, नाहीतर पाव्हण्याच्या घरी उतरायचो. आमच्या विश्रांतवाडीवरून दरवर्षी माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडं जाते. त्या दिवशी रस्त्यावरची सगळी घरं, सगळी मंडळं वारकऱ्यांसाठी उघडी असतात. कुणाला पाणी, कुणाला चहा, कुणाचे पाय चेपायचे. तू कोण, कुठली, हे कुणी विचारत नाही. पाहुणचार म्हणजे काय ते आम्ही तिथं शिकलो.

दुसरं हॉटेल आम्ही पाहिलं ते कामाच्या निमित्तानं. आमचा गट पोळ्या लाटायची कामं घेतो. एकदा एका मोठ्या हॉटेलात लग्नाच्या जेवणाचं काम मिळालं. पुढच्या दारानं निघालो, तर दारावरच्या माणसानं हातानंच खूण केली, मागून जा. मागचं दार म्हणजे कचऱ्याचे डबे आणि ओला जिना. काम झालं, पैसे ठरल्याप्रमाणे मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण परत येताना रिक्षात आमच्यातली एक म्हणाली, “आपल्या हातची पोळी पुढच्या दारानं जाते, आपण मागच्या.” हे वाक्य आमच्या डोक्यात राहिलं. म्हणून पुढं मुंबईच्या सहलीला गेलो तेव्हा राणीचा बाग आणि चौपाटीबरोबर एक जुनं हॉटेलही बघायचं ठरवलं.

पुणे स्टेशनहून सकाळची गाडी धरली, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो आणि हुतात्मा चौकातून चालत काळा घोड्याला गेलो. तिथं जहांगीर कलादालनाच्या परिसरात एक उंच, जुनी, सज्जांची इमारत आहे. तिचं आत्ताचं नाव एस्प्लनेड मॅन्शन. मूळ नाव वॉटसन्स हॉटेल. आम्ही गेलो तेव्हा ती बंद होती. रस्त्यावरूनच माना वर करून पाहिली. येणारे-जाणारे बघत होते, या बायका काय बघतायत म्हणून. पण मैत्रिणींनो, बघण्यासारखं होतं. कसं ते सांगतो.

जॉन वॉटसन नावाचा एक इंग्रज व्यापारी मुंबईत कापडाचा धंदा करायचा. त्यानं साधारण १८६७ साली हे बांधकाम सुरू केलं आणि १८७१ साली हॉटेल उघडलं. आराखडा रोलंड ऑर्डिश नावाच्या इंग्रज अभियंत्याचा. नवल असं, की या इमारतीचा सांगाडा मुंबईत तयारच झाला नाही. लोखंडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतल्या, जहाजानं मुंबईला आणल्या आणि इथं एकमेकींना जोडल्या. आपण मांडव घालतो, तसा पाच मजली लोखंडाचा मांडव.

त्यात विशेष ते काय? ज्यांनी जुना वाडा पाहिलाय त्यांना लगेच कळेल. वाड्यात लाकडी खांब असतात, खांबावर तुळई, तुळईवर माडी. भिंत पडली तरी खांब-तुळया धड असतील तर माडी उभी राहते, कारण भार भिंतीवर नसतो, सांगाड्यावर असतो. वॉटसनच्या हॉटेलात तेच, फक्त लाकडाच्या जागी लोखंड. मोठ्या दगडी इमारतींना उंच जायचं तर भिंती जाड कराव्या लागायच्या, खिडक्या लहान ठेवाव्या लागायच्या. इथं भार लोखंडानं घेतला, म्हणून भिंती पातळ, खिडक्या मोठ्या आणि बाहेरून सगळीकडं सज्जे. मधे मोठा चौक, त्यावर काचेचं छत. खाली उजेड पडायचा आणि तिथं साहेब लोकांचे नाच व्हायचे. आज गावोगावी सिमेंटच्या कॉलम-बीमची घरं उठतायत, त्यामागची कल्पना हीच. आधी सांगाडा, मग भिंती. ज्याला आपण आधुनिक बांधकाम म्हणतो, त्याची एक फार जुनी आजी काळा घोड्याला उभी आहे. अशा ओतीव लोखंडाच्या, अजून उभ्या असलेल्या बहुमजली इमारती जगातच मोजक्या आहेत.

वॉटसननं खांबच नाही, वाढपी मुलीसुद्धा इंग्लंडहून आणल्या. तेव्हा मुंबईत लोक गमतीनं म्हणायचे, एवढं सगळं विलायतेहून आणलं, तर तिथली थंड हवाही आणायची होती! आपण हसतो, पण थोडं थांबा. त्या मुली सात समुद्र ओलांडून परक्या उकाड्यात दिवसभर ताटं वाहत होत्या. त्यांची नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत. हॉटेल म्हटलं की मालकाचं नाव राहतं, अभियंत्याचं राहतं, वाढणारीचं नाही.

आणि पाहुणे कोण? त्या काळी हे हॉटेल युरोपीय लोकांसाठीच होतं. मार्क ट्वेन नावाचे मोठे अमेरिकी लेखक १८९६ साली तिथं उतरले होते आणि खिडकीतल्या मुंबईच्या कावळ्यांवर त्यांनी मजेदार लिहिलं आहे. म्हणजे कावळ्याला प्रवेश होता. इथल्या माणसाला मात्र नव्हता. आमच्या पोळ्यांच्या कामातला तो हाताचा इशारा आम्हाला तिथं आठवला.

आता त्याच वर्षीची दुसरी गोष्ट ऐका, कारण तिच्यासाठीच आम्ही तिथं गेलो होतो.

फ्रान्समध्ये ल्युमिएर नावाचे दोन भाऊ होते. त्यांनी हलती चित्रं दाखवणारं यंत्र काढलं आणि १८९५ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये तिकीट लावून खेळ केला. त्यांचा एक माणूस, मारियस सेस्टियर, ऑस्ट्रेलियाला निघाला होता. वाटेत मुंबई लागली. ७ जुलै १८९६ ला त्यानं वॉटसन्स हॉटेलात खेळ लावले. तिकीट एक रुपया. आपल्या देशात सिनेमा पहिल्यांदा दिसला तो असा, एका हॉटेलात, पॅरिसनंतर सात महिन्यांच्या आत. तेव्हाचा एक रुपया म्हणजे राबणाऱ्या बाईच्या कित्येक दिवसांची मजुरी. म्हणजे दारावरच्या माणसानं सोडलं असतं, तरी खिशानं अडवलंच असतं.

काय दाखवलं त्या दिवशी? सहा छोटी चित्रं. एकेक मिनिटभराचीसुद्धा नसतील. स्टेशनात येणारी आगगाडी होती, समुद्रात पोहणारी माणसं होती, एक भिंत पाडताना दाखवली होती. आणि एक चित्र होतं कारखाना सुटल्याचं. ल्युमिएर भावांचा स्वतःचा कारखाना होता. त्याचं दार उघडतं आणि कामगार बाहेर पडतात. त्यात मोठ्या संख्येनं बायका आहेत. लांब झगे, डोक्यावर टोप्या, घरी जायची घाई.

मैत्रिणींनो, हे ऐकलं तेव्हा आम्ही एकमेकींकडं बघितलं. सिनेमा म्हणजे राजा-राणी, हिरो-हिरोईन असं आपल्याला वाटतं. पण पडदा पहिल्यांदा हलला तेव्हा त्यावर कामावरून सुटलेल्या बायका होत्या. आपल्यासारख्याच. मात्र वॉटसनच्या दिवाणखान्यात त्यांना बघायला आपल्यासारखी एकही नव्हती. बाई पडद्यावर पोचली होती, खुर्चीवर पोचली नव्हती.

पण गोष्ट इथं थांबत नाही. आठवडाभरात, १४ जुलैला, हे खेळ हॉटेलातून निघून नॉव्हेल्टी नावाच्या नाटकगृहात गेले. तिथं लोक येऊ लागले. मग तिकिटाचे दर वेगवेगळे झाले, चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत. आणि पडदानशीन बायकांसाठी वेगळ्या राखीव जागा ठेवल्या, म्हणजे त्यांना कुटुंबासह येऊन बघता यावं. पडद्यामागं बसून पडदा बघायचा! आज विचित्र वाटेल. पण हॉटेलात जे दार बंद होतं, ते नाटकगृहात थोडंसं किलकिलं झालं. चार आण्यांनी गरिबासाठी आणि राखीव जागांनी बायकांसाठी. दार एकदम सताड उघडत नाही, आधी फट पडते. त्या फटीत पाय घालून ठेवणारी कुणीतरी लागते.

पाय घालणारे पुढं आलेच. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, लोक त्यांना सावे दादा म्हणायचे, फोटो काढायचा धंदा करत. ल्युमिएरचे खेळ बघून त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. मग त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके. त्यांनी भांडवल मिळावं म्हणून आधी काय केलं माहीत आहे? कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्र घेत त्याचा वेल वाढताना दाखवला. आपण आयुष्यभर रोपं वाढताना बघतो, पण मिनिटभरात वेल चढताना बघून सावकारही चकित झाला असेल. ३ मे १९१३ ला त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात कोरोनेशनमध्ये लागला.

दादासाहेबांचं नाव सगळ्यांना ठाऊक. पण त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचं नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलंय? त्यांचे दागिने त्या सिनेमासाठी गहाण पडले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांनी केला. ते तर आपल्याला नवीन नाही. पण त्यापुढचं ऐका. दिवसभराचं आटोपल्यावर रात्री त्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायच्या, कारण भोकं असल्याशिवाय फिल्म यंत्रातून सरकत नाही. फिल्म धुणं, रसायनं कालवणं हेही त्या शिकल्या. आपल्या देशाच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाचं तांत्रिक काम एका गृहिणीनं केलं. कुणी विचारलं की बायकांना यंत्रातलं काय कळतं, तर सरस्वतीबाईंचं नाव सांगा.

आणि गंमत बघा, या गोष्टीत हॉटेल पुन्हा येतं. राणी तारामतीचं काम करायला एकही बाई मिळेना. सिनेमात काम करणं तेव्हा बाईसाठी कमीपणाचं मानलं जायचं. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके सापडले. नाजूक बांधा, नाजूक हात. ते तारामती झाले. म्हणजे पहिली राणी स्वयंपाकघरातून आली, पण मिशा काढून. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ केला तेव्हा मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. मायलेकींनी ते दार ढकललं. लोकांनी बोलायचं ते बोललंच असणार. कमलाबाई पुढं गोखले झाल्या, त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या नट झाले, नातू विक्रम गोखले तर आपण टीव्हीवरही पाहिले.

आता हॉटेलकडं परत येऊ. १९०३ साली अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडलं. नवं, मोठं, समुद्रासमोरचं. वॉटसनची चलती ओसरत गेली. पुढं हॉटेल बंद पडलं. खोल्या भाड्यानं गेल्या, मोठ्या दालनांचे पार्टिशन घालून लहान लहान गाळे झाले. जवळच न्यायालयं, म्हणून वकिलांच्या कचेऱ्या बऱ्याच आल्या. कुणी राहायला, कुणी धंद्याला. ज्या दारानं पूर्वी फक्त साहेब जायचे, तिथून शिपाई, टंकलेखक, डबेवाला, पक्षकार सगळे जाऊ लागले. ही चांगली गोष्ट झाली, असं आम्हाला वाटतं.

पण इमारतीची निगा राहिली नाही. लोखंडाचा वैरी कोण? पाणी. त्यात मुंबईची खारी हवा. सांध्यात पाणी मुरलं की लोखंड आतून गंजतं, फुगतं, आणि बाहेरून रंग असल्यानं दिसत नाही. वर आणखी पार्टिशनं, टाक्या, सामानाचा भार. २००५ साली सज्जाचा एक भाग खाली कोसळला. एका माणसाचा जीव गेला. जगातल्या धोक्यात असलेल्या शंभर वारसा वास्तूंच्या यादीतही या इमारतीचं नाव आलं. २०१९ साली आतल्या सगळ्यांना ती रिकामी करावी लागली. पाडायची की दुरुस्त करायची, यावर अभियंत्यांमध्ये मतभेद झाले आणि प्रकरण न्यायालयात गेलं.

आम्ही रस्त्यावर उभ्या होतो तेव्हा आमच्यातही दोन मतं पडली. एक म्हणाली, माणसाच्या जिवापेक्षा जुनं लोखंड मोठं नाही, पाडा. दुसरी म्हणाली, पहिला सिनेमा जिथं दाखवला ती जागा पाडली, तर पुढच्या पोरांना काय दाखवणार? तिसरी, जी स्वतः भाड्याच्या खोलीत राहते, ती म्हणाली, “वास्तूचं सगळे बोलतायत, आत राहणाऱ्यांना कुठं पाठवलं ते कोण बोलणार?” आम्हाला तिघींचंही पटलं. तरी एक मात्र नक्की: हा प्रश्न इतका अवघड झाला, कारण दुरुस्ती ज्या वेळी सोपी होती त्या वेळी कुणी केली नाही. मालक म्हणे भाडं कमी, भाडेकरू म्हणे इमारत मालकाची. आपल्याकडच्या सामायिक विहिरीचं जे होतं, तेच.

तिथून आम्ही ओव्हल मैदान ओलांडून चर्चगेटला गेलो. स्टेशनासमोर इरॉस सिनेमा आहे. तो १९३८ साली उघडला. वॉटसनचा सांगाडा लोखंडाचा, इरॉसच्या काळापर्यंत सिमेंट काँक्रीट आलं होतं. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर गोल वळणांच्या, पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढणाऱ्या नव्या घडणीच्या इमारती तेव्हा उठत होत्या. आर्ट डेको म्हणतात त्या शैलीला. इरॉसचे मालक शियावक्ष कंबाटा, रचनाकार सोहराबजी भेदवार. दोघंही इथलेच. सदुसष्ट वर्षांत एवढं बदललं: तिकडं सगळं जहाजानं आलं, इकडं डोकंही इथलं आणि हातही इथले. एकाच इमारतीत सिनेमा, दुकानं, कचेऱ्या. आणि तिकीट काढलं की कुणीही आत.

ओव्हल मैदानाच्या एका बाजूच्या दगडी गॉथिक इमारती आणि दुसऱ्या बाजूच्या या आर्ट डेको इमारती मिळून २०१८ साली युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवल्या. इरॉसही मधली काही वर्षं बंद होता, पण दुरुस्त होऊन २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा उघडला. म्हणजे जुनी इमारत वाचू शकते. तिच्यात रोज माणसं येण्याचं काही कारण हवं आणि तिच्यावर खर्च करणारं कुणी हवं.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईच्या हॉटेलांचं आम्हाला काय? तर मैत्रिणींनो, आपल्याही गावात इमारती आहेत. शाळेची जुनी खोली, समाजमंदिर, गटाच्या बैठकीचं सभागृह, कुठं जुना वाडा, कुठं बंद पडलेली टॉकीज. त्यांचंही हेच होतं. म्हणून तीन कामं सांगतो.

पहिलं, पावसाळ्याआधी एकदा चार जणी मिळून आपल्या बैठकीच्या जागेभोवती फिरा. छताला ओल आहे का, स्लॅबचा पोपडा निघून आतली सळई दिसतेय का, सळईवर तांबूस गंज आहे का, सज्जाला खालून तडा आहे का, पन्हळीत पाला अडकलाय का. दिसलं की तोंडी सांगू नका. तारीख घालून लेखी अर्ज ग्रामपंचायतीला द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेत विषय काढा. सळई उघडी पडलेल्या सज्जाखाली बसू नका आणि पोरांना खेळू देऊ नका.

दुसरं, त्या जागेची गोष्ट लिहून ठेवा. कुणी जागा दिली, कुणी माती वाहिली, पहिली बैठक कधी झाली, चहा कुणी केला. बायकांची नावं पूर्ण लिहा, ‘अमक्याची मंडळी’ असं नको. वॉटसनच्या वाढपी मुलींची नावं गेली, आपली जाऊ नयेत.

तिसरं दाराचं. आपल्या गटाच्या जागेत कोण यायला कचरतं ते बघा. विधवा बाई येते का? दुसऱ्या वस्तीतली येते का? ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली येते का? आपण हातानं खूण करत नसू, पण नजरेनं कुणाला मागच्या दारानं पाठवत तर नाही ना? आम्ही हा प्रश्न आमच्या बैठकीत विचारला. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकीनं दोन नावं घेतली. त्या दोघी आमच्याच गल्लीत राहतात आणि कधीच आल्या नव्हत्या. पुढच्या बैठकीला आम्ही त्यांच्या घरी जाऊन बोलावलं. एक आली. दुसरी अजून यायची आहे.

त्या मोठ्या हॉटेलात आम्ही परत पोळ्या करायला गेलो का? गेलो. पण या वेळी काम ठरवतानाच सांगितलं, जिना कोरडा हवा, उजेड हवा, बसायला जागा हवी, आणि रात्री उशीर झाला तर घरी सोडायला गाडी हवी. चारपैकी तीन गोष्टी मिळाल्या. दार अजून मागचंच आहे. ते पुढच्या वेळी बोलू.

तुमच्या गावातल्या जुन्या जागेची गोष्ट असेल तर आम्हाला लिहून पाठवा, नाहीतर आवाज भरून पाठवा. नावं मात्र सगळी लिहा. नमस्कार.